पुढची खुर्ची

नाशिक रोडच्या गांधीनगर भागात भूसेनेच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा आहे. तिचे विद्यार्थी आमच्या शाळेच्या पत्र्यांवरून उडतात. त्यामुळे आमच्याकडे चित्रकलेचा तास कधी सलग पुरा होत नाही. चेतक किंवा चीता यांपैकी एखाद्याची फडफड कानी आली, की चाळीस ब्रश पाण्यात तसेच राहतात आणि चाळीस माना खिडकीकडे वळतात. मी मुलांना रागावत नाही. खरे सांगायचे तर एकेचाळिसावी मान माझी असते.

आता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः हेलिकॉप्टर उडवतो, असे सांगितले तर वाचक म्हणतील, मास्तरांना दिवाळीच्या आधीच फटाके लागले! पण गोष्ट साधी आहे. माझे हेलिकॉप्टर जेवणाच्या टेबलावर उडते. 'डीसीएस' नावाचा एक संगणकी खेळ आहे. त्यात खऱ्या लढाऊ यंत्रांची इतकी तंतोतंत नक्कल केलेली असते, की नुसते इंजिन सुरू करायचे म्हटले तरी डझनावारी बटणे क्रमाने दाबावी लागतात. माझ्या एका कादंबरीच्या मानधनात जॉयस्टिक आली. संगणकासाठी मात्र पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. मराठी कादंबरीकाराची उंची यावरून वाचकांनीच ठरवावी.

दुसरा संगणक पुतण्याचा. तो शिकायला पुण्याला गेला आणि आपले यंत्र आमच्या चिरंजिवांच्या हवाली करून गेला. चिरंजीव बारावीत आहेत. त्यांना भूसेनेत जाऊन हेलिकॉप्टरचे वैमानिक व्हायचे आहे. हे त्यांनी आम्हाला सांगितले त्या दिवशी सौभाग्यवतींनी ताट बाजूला सारले आणि मी त्यांना म्हणालो, "आधी मला शिकव बघू." मुलाला काय हवे आहे ते कळायला त्याच्या शेजारी बसण्याहून दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

या नकली उड्डाणाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. ऑर्गनला भाते असतात, आपल्या पेटीला असतो तसे. त्या भात्यांवर लिंकने एक ठेंगणे लाकडी विमान बसवले. दांडा हलवला की एका भात्यात हवा भरायची, दुसऱ्यातली सुटायची आणि विमान कलायचे. हे १९२९ साल. सुरुवातीला ते विमान शिकवण्याच्या शाळांनी नव्हे, तर करमणुकीच्या बागांनी घेतले. पुढे १९३४ साली अमेरिकेत टपालाची विमाने खराब हवेत एकामागून एक कोसळली, वैमानिक मेले, आणि मग सैन्याला त्या जत्रेतल्या पाळण्याची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात अक्षरशः लाखो वैमानिक त्यात बसून शिकले. तेव्हा खेळ कुठे संपतो आणि तालीम कुठे सुरू होते, ही रेघ पहिल्यापासूनच पुसट आहे. आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले बुवा भाता मारू लागले, की हल्ली मला उगाच विमान दिसते.

आम्ही निवडलेले यंत्र रशियन आहे, मिल-२४. त्याचे पहिले उड्डाण १९६९ साली झाले. पोटात आठ सैनिक बसतील एवढी जागा, दोन्ही बाजूंना आखूड पंख, आणि पुढे एकावर एक ठेवलेल्या दोन काचेच्या हंड्यांसारखी दोन आसने. अफगाणिस्तानच्या डोंगरांत रशियनांनी ते दहा वर्षे वापरले. त्याचीच भावंडे मिल-२५ आणि मिल-३५ या नावांनी आपल्या वायुसेनेत होती. १९८७ साली शांतिसेनेबरोबर मिल-२५ श्रीलंकेतही गेली होती.

हेलिकॉप्टर उडवणे हे विमान उडवण्यासारखे असेल, अशी माझी समजूत होती. तसे मुळीच नाही. विमानाला पुढे जायचे असते. तुम्ही त्याला फारसे छळले नाही तर ते आपले आपण जाते. हेलिकॉप्टरला कुठेच जायचे नसते आणि जिथे आहे तिथे राहायचेही नसते. डाव्या हाताशी मोटारीच्या हँडब्रेकसारखा एक दांडा असतो, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो उचलला की सगळी पाती एकदम हवा जास्त कापू लागतात आणि यंत्र वर उठते. पण त्याच क्षणी धड पात्यांच्या उलट दिशेला वळू पाहते, म्हणून पायाने पेडल दाबायचे. रशियन यंत्राची पाती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणून उजवे पेडल. अमेरिकन यंत्राची उलट फिरतात, म्हणून तिथे डावे. पेडल दाबले की शेपटीचा पंखा सगळ्या यंत्रालाच बाजूला ढकलतो. ते उजव्या हातातल्या दांड्याने सावरायचे. सावरले की उंची कमी होते. म्हणजे पुन्हा डावा हात! ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत, त्यांना हा प्रकार नव्याने समजावून द्यायला नको.

हवेत एका जागी उभे राहणे तर सर्वांत कठीण. तळहातावर काठी उभी धरावी तसे ते आहे, आणि तेही चालत्या बैलगाडीत. पहिले तीन आठवडे चिरंजीव सारखे म्हणत, "बाबा, समोरच्या जमिनीकडे पाहू नका. लांब पाहा, क्षितिजाकडे." मी हसलो. गेली तेवीस वर्षे मी पाचवीच्या मुलांना हेच सांगत आलो आहे, की आधी क्षितिजरेषा आखा, मग झोपडी काढा. रेषा नक्की नसली की झोपडी कागदावर तरंगते. मला आकाशात हाच धडा माझ्याच मुलाने दिला, आणि ज्या संध्याकाळी तो हातात उतरला त्या संध्याकाळी बारा टनांची चूल हवेत ठेवल्यासारखे आमचे यंत्र मिनिटभर स्थिर राहिले. माझा आनंद गगनात मावेना, हा वाक्प्रचार मी त्या दिवशी प्रथमच अर्थासकट वापरला.

दुसरी एक विलक्षण गोष्ट उतरण्याची. सरळ खाली, घाईने उतरू गेले, की पाती आपणच खाली ढकललेल्या हवेत शिरतात. ती हवा पात्यांच्या कडांवरून वर चढून पुन्हा वरून खाली येते आणि यंत्राभोवती एक भोवरा तयार होतो. यंत्र दगडासारखे कोसळू लागते. माणसाचा डावा हात साहजिकच दांडा उचलतो, जोर वाढवतो. त्याने भोवरा आणखी बळावतो. गाळात रुतलेला जसा धडपडीने खोल जातो, तसेच हे. सुटका एकच. ज्या जमिनीची भीती वाटते, तिच्याकडे नाक करून पुढे निघायचे. वेग आला की स्वच्छ हवा मिळते आणि पाती पुन्हा भार घेतात. ऐकायला हे सोपे आहे. हाताला पटायला फार दिवस लागतात.

पण खरी गोष्ट मला सांगायची आहे ती आसनांची. या यंत्रात वैमानिक मागे, वरच्या बाजूला बसतो आणि अस्त्रे सोडणारा त्याच्या पुढे, खाली. म्हणून आम्ही टेबलेही एकामागे एक मांडली. चिरंजीव पुढे आणि मी मागे. पडद्यावर मला समोर शिरस्त्राणाची मागची बाजू दिसते, आणि पडद्याच्या वरून पाहिले तर खरे डोके, मानेवर वाढलेल्या केसांसकट. हा मुलगा चार वर्षांचा असताना सायकलच्या दांड्यावर असाच पुढे बसे. घंटी त्याच्या ताब्यात आणि पाय मारणे माझ्याकडे.

क्षेपणास्त्राची पल्ला पाच किलोमीटरांची. ते सुटल्यावर लक्ष्यापर्यंत पोहोचायला दहाबारा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पुढच्याने दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून हलू द्यायची नसते. मागच्याने यंत्र डगमगू द्यायचे नसते. दोघेही गप्प असतात. त्या दहाबारा सेकंदांत आम्ही बापलेक जितके एकजीव होतो, तितके एरवी वर्षभरात होत नसू. हे लिहिताना मला थोडे चमत्कारिक वाटते, कारण आम्ही एकजीव होतो ते कशासाठी, हे मला माहीत आहे.

खेळाचा नकाशा कॉकेशसचा आहे. एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला बर्फाचे डोंगर, मध्ये जॉर्जियाची हिरवी खोरी. बाटुमीच्या समुद्रकाठच्या विमानतळावरून निघून पूर्वेला तासभर गेले की गोरी नावाचे गाव लागते. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांचे पाच दिवसांचे युद्ध झाले. त्यात या गोरीच्या वस्तीवर बॉम्ब पडले, साधी माणसे मेली. ज्यांनी हा खेळ रचला त्यांचे 'ब्लॅक शार्क' हे पहिले गाजलेले हेलिकॉप्टर याच नकाशावर त्याच वर्षी बाहेर पडले. हे मी पुढे वाचले. वाचल्यापासून गोरीवरून जाताना मी उंची थोडी वाढवतो. नकाशातल्या घरांना छपरे आहेत, खिडक्या आहेत. आत कोणी नाही.

एकदा असेच क्षेपणास्त्र सुटले होते. दुर्बिणीत एक मालट्रक रस्त्याने चालला होता. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि चिरंजिवांच्या खांद्यावरून पाहत उभ्या राहिल्या.

"त्या ट्रकमध्ये कोण आहे रे?"

"कोणी नाही, आई. खेळात आत कोणी नसतं."

"मग तो चालवतंय कोण?"

चिरंजीव बोलले नाहीत. फुली हलली नाही. माझेही यंत्र हलले नाही. ट्रक पेटला. "चहा गार होतोय," म्हणून त्या आत गेल्या.

चार दिवसांनी जेवताना त्यानेच विषय काढला. "आई, तू विचारलंस ना, तसं विचारणारा कोणीतरी तिथं बसलेला बरा, नाही का?"

"बरा की. पण तो तूच कशाला?"

या दोन वाक्यांपुढे आमच्या घरातला वाद आजतागायत गेलेला नाही. मी दोघांच्याही बाजूचा आहे. १९९९ साली कारगिलच्या लढाईत २८ मे रोजी तोलोलिंगजवळ आपले एक मिल-१७ शत्रूच्या क्षेपणास्त्राने पडले आणि आतले चौघेही गेले. तेव्हा मी विशीत होतो. वर्तमानपत्रातले ते चार चेहरे मी पेन्सिलीने कागदावर उतरवले होते. इतक्या उंचीवर लढेल असे हेलिकॉप्टर आपल्याजवळ हवे, हे त्याच लढाईने शिकवले. त्यातून बंगळुरूत घडलेले 'प्रचंड' ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला वायुसेनेत दाखल झाले. चिरंजिवांच्या भिंतीवर त्याचे चित्र आहे. मीच काढून दिलेले. खेळात यंत्र कोसळले की एक बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर उभे राहता येते. त्याच्या आईने ते बटण नीट पाहून ठेवले आहे आणि त्याविषयी ती एक अक्षर बोलत नाही.

सप्टेंबरात त्याने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा दिली. आता बारावीचा अभ्यास आहे, म्हणून खेळ बंद. पुढच्या खुर्चीवर सध्या पेट्रोविच असतो. हा खेळातलाच एक नकली रशियन, माणूस नसला की आपण होऊन कामाला लागणारा. त्याचा नेम आमच्या चिरंजिवांहून चांगला आहे, पण त्याच्या मानेवर केस वाढत नाहीत.

परवा रात्री मुलगा झोपल्यावर सौभाग्यवती येऊन त्या पुढच्या टेबलाशी बसल्या. "मला नुसतं फिरवून आणा. ती अस्त्रंबिस्त्रं काढून ठेवा आधी."

सगळी काढली. बाजूची तोफ अंगालाच जडलेली असते, ती निघत नाही, पण तिच्या गोळ्या काढून घेतल्या. ओझे उतरल्यामुळे यंत्र चटकन उठले. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलो, मग आत वळलो. लांबवर एल्ब्रुसचे पांढरे जोडशिखर दिसू लागले. उंची ५,६४२ मीटर. तिथवर जाण्याची या जुन्या यंत्राची ताकद नाही, हे मी सांगितले. "नको तितकं वर," त्या म्हणाल्या, पण पाहत राहिल्या. मध्येच त्यांनी विचारले, तो इथून खाली बघताना बोलतो का काही? मी म्हटले, फार नाही. नदी लागली की नदीचे नाव सांगतो.

परत येताना समुद्रावर ऊन तिरपे झाले होते. बाटुमीची दिवेवाली पट्टी समोर आली तशी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"सावकाश उतरवा हं," त्या म्हणाल्या.