रिकामी घरं

तक्ता सुबक दिसावा, एवढीच माझी इच्छा होती.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही गावाची पाहणी केली. घरोघर हिंडून प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण कागदावर उतरवून आणलं. ते सारं एक्सेलमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. एका माणसाला एक ओळ. ओळ आणि रकाना जिथे भेटतात त्या चौकोनाला मी आपलं ‘घर’ म्हणतो, बुद्धिबळाच्या पटावर म्हणतात तसं.

नावांची ती लांबलचक रांग मला काही बरी दिसेना. एका कुटुंबातली सगळी नावं एकाच मोठ्या घरात नांदली तर? ‘मर्ज’चं बटण होतंच, दाबलं. डावीकडचं सर्वांत वरचं तेवढं राहील, बाकीचं जाईल, असं संगणकाने बजावलं. पण अशा सूचना वाचतो कोण? मी ‘ओके’ म्हटलं. कुटुंबप्रमुखाचं नाव त्या मोठ्या घरात ऐसपैस बसलं. बाकीची मंडळी आत असतील, अशी माझी भाबडी समजूत! अशी ३७ कुटुंबं एकत्र केली, फाइल बंद केली आणि समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “आता वयाप्रमाणे क्रम लाव.” क्रम लागेना. जोडलेली घरं सारख्याच आकाराची हवीत, असा संगणकाचा हट्ट. म्हणून ती पुन्हा सुटी केली. घरं सुटी झाली खरी, पण वरचं एक सोडून सगळी रिकामी! फाइल आदल्या रात्रीच बंद केलेली. केलेलं मागे घेण्याची सोयही उरली नव्हती.

गेलेली नावं कुणाची होती? मुलांची, सुनांची, आयांची. कागदावर पहिलं नाव बहुतेक ठिकाणी आम्हीच पुरुषाचं लिहिलं होतं. एका आजींचं बोलणं आठवलं, “माझं नाव नीट लिव्ह रं बाळा, रेशनकार्डावर बी चुकलंया.”

ती रात्र मी कागद पुढ्यात घेऊन जागलो. एकेक नाव परत आपापल्या घरी पोचवलं. आजींचं सर्वांत आधी. घरं न जोडताही मथळा अनेक घरांच्या मधोमध बसवता येतो, ही युक्ती मला मागाहून कळली.

एकत्र कुटुंबाचं कौतुक मी शाळेपासून निबंधांतून करत आलो आहे. आता ते लिहिताना हात अडखळतो. वरच्या एका नावाखाली किती जणींची नावं पुसली गेली असतील! संगणकाने निदान पुसण्याआधी विचारलं तरी होतं.