खरखरीची आराधना

स्वर फाटला की गवई ओशाळतो. फझच्या उपासकाचे मात्र सारे चित्त त्या फाटण्यातच गुंतलेले असते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताच्या ध्वनिमुद्रणात यंत्र बिघडले आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा नाद खरखरीत उमटला. तो बिघाडच कानांना इतका भावला की पुढच्याच वर्षी तशी खरखर निर्माण करणारे मेस्ट्रोचे पेडल बाजारात आले.

१९६६ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसची रचना तर साधी: दोन ट्रान्झिस्टर आणि मोजकेच इतर भाग. आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. हे मूलद्रव्य मोठे मानी. हवा तापली की त्यातून झिरपणारा प्रवाह वाढतो आणि नादाचा तोल ढळतो. दोन नग सारखे निघतील याचीही शाश्वती नाही. म्हणून जाणकार नावाला भुलत नाही, वाजवून पाहतो. पेडल तो गिटारलगत जोडतो, मध्ये दुसरे उपकरण येऊ देत नाही. पेडल पूर्ण उघडे ठेवून गिटारवरचा आवाज तो किंचित उतरवतो, तोच गुरगुर ओसरून काचेसारखा लख्ख झंकार उमटतो. खरे कसब या उतरवण्यात आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तेव्हा त्याचाही शोध अशाच एका झंकाराचा असतो. मात्र तिथे तार घोडीला घासते, इथे लहरींचे माथे छाटले जातात.

घरी तासन् तास जुळवलेला नाद मंचावरच्या दिव्यांच्या धगीत निसटतो. वादक वाजवता वाजवताच करंगळीने गिटारवरचे बटण चाचपू लागतो.