सहारच्या दारीं दोन रात्री

वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज परदेशीं आहेत. तेव्हां परदेशच्या विमानासाठीं विमानतळावर किती आधीं जावें, या प्रश्नाचा खल बहुतेक घरांत होतच असेल. आमच्या घरींही तो झाला. थोरले बंधू म्हणाले चार तास. पुतण्या म्हणाला दोन पुरेत. आणि मीं, तीस वर्षें मुलांना काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घातलेला मनुष्य या नात्यानें, तीन तासांचा निवाडा दिला. निवाडा चुकीचा नव्हता. तरीपण मी तीन तास आधीं पोचावयाच्या ऐवजीं एकवीस तास उशिरां पोचलों, त्याची ही हकीकत.

धाकटी मुलगी लंडनला असते. तिचें पहिलें बाळंतपण 2023 च्या जुलै महिन्यांत होतें व आईनें जवळ असावें ही तिची फार इच्छा. तिकिटावर 14 जुलै, शुक्रवार, वेळ 1 वाजून 45 मिनिटें, असें स्वच्छ छापलेलें होतें. भिंतीवरील कॅलेंडरांत चौदा तारखेभोंवतीं मीं स्वतः तांबड्या पेन्सिलीनें वर्तुळ काढलें. शुक्रवारीं सायंकाळीं पुण्याहून निघालों, बोरघाटांत अर्धा तास अडकूनही पावणेअकरास सहारला उतरलों. बरोबर तीन तास आधीं! सामानाच्या ट्रॉल्या ढकलीत मी मोठ्या ऐटींत दाराशीं गेलों. तेथील जवानानें तिकीट पाहिलें, पासपोर्ट पाहिला, पुन्हां तिकीट पाहिलें, आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "आजोबा, हें विमान काल रात्रींच गेलं."

मी त्याच्याशीं वाद घातला, हें कबूल करण्यास आज लाज वाटते. चूक उघड होती. आपल्या पंचांगांत वार बदलतो तो सूर्योदयास. म्हणून शुक्रवारची रात्र म्हटली कीं शनिवार उजाडेपर्यंतची रात्र, असें आपल्या हाडींमाशीं खिळलेलें आहे. विमानाचा दिवस मात्र मध्यरात्रीं बदलतो. शुक्रवारचा पाऊण-दोनचा प्रहर म्हणजे आपल्या भाषेंत गुरुवारची रात्र. घर गुरुवारीं दुपारींच सोडावयास हवें होतें. सौ. तेथेंच बाकावर बसली. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "पोरीला काय सांगायचं?"

मुलीला मींच फोन केला. ती रागावली असती तर बरें वाटलें असतें.

मंगळवार, 18 जुलैचीं नवीं तिकिटें मिळालीं, किंमत सांगत नाहीं. मधल्या रविवारीं, 16 तारखेस, नात झाली. सौ.नें तिला प्रथम पाहिलें तें पुण्यांत, जाउबाईंच्या शेजारीं बसून, फोनच्या काचेवर. घरांत मला कोणीं चकार शब्द बोललें नाहीं. एकत्र कुटुंबाचा हा मोठेपणा आहे व शिक्षाही आहे.

युरोपकडचीं पुष्कळ विमानें अशा अवेळीं निघतात त्यालाही कारण आहे. तिकडच्या कित्येक विमानतळांवर रात्रीं विमानें उतरविण्यास बंदी किंवा निर्बंध आहेत. लंडनची वेळ आपल्या मागें, उन्हाळ्यांत साडेचार व हिवाळ्यांत साडेपांच तास. म्हणून मुंबईची मध्यरात्र उलटल्यावर निघालेलें विमान तिकडच्या सकाळीं उतरतें. त्यामुळें सहारला रात्रीं बाराला जी गर्दी असते ती दुपारीं बाराला दिसावयाची नाहीं.

सहार हें साष्टी बेटावरील जुनें गांव. तेथील आजची इमारत 2014 च्या फेब्रुवारींत प्रवाशांस खुली झाली. निघणाऱ्यांचें दार सर्वांत वरच्या मजल्यावर. छताची नक्षी मोरपिसावरून घेतलेली, आणि खालीं प्रत्येक दाराशीं निरोपाचे घोळके. तिकिटावांचून आंत जातां येत नाहीं, म्हणून सारी रडारड बाहेरच आटोपावी लागते. त्या रडण्यासही वेळ धरावा, असें मी अनुभवानें सांगतों.

आतां तीन तास कां, तें. निघण्याची वेळ ही आपली वेळच नव्हे; आपली वेळ म्हणजे सामान घेणारा काउंटर बंद होण्याची. तो बहुधा तीन तास आधीं उघडतो आणि एक तास आधीं, कांहीं कंपन्यांचा त्याहूनही आधीं, मिटतो. घरबसल्या बोर्डिंग पास काढला तरी पेट्या द्यावयाच्या असतील तर सुटका नाहीं. पुढें पासपोर्टची तपासणी, अंगझडती, आणि विमानाच्या फाटकापर्यंतची लांबलचक चाल. गुडघे दुखणाऱ्यांनीं चाकांची खुर्ची आधींच मागून ठेवावी. पांच तास आधीं जाऊन लाभ नाहीं, कारण काउंटरच उघडलेला नसतो. परंतु घाट ओलांडून येणाराला ती चैन परवडते, दुसरी परवडत नाहीं.

सोमवारीं आम्ही दुपारीं तीनलाच निघालों. त्या दिवशीं दीप-अमावास्या होती. थोरल्या बंधूंच्या कपाळावर आठी दिसली; तेव्हां वहिनीच म्हणाल्या, "विमानाची तारीख मंगळवारची आहे ना? मग अमावास्या कुठली?" माझ्याच चुकीचा असा उपयोग होईल असें वाटलें नव्हतें.

या खेपेस काउंटर उघडण्यापूर्वींच आम्ही रांगेंत होतों, आणि बरें झालें. सौ.नें बाळंतिणीच्या लाडवांसाठीं खोबऱ्याच्या वाट्या पेटींत भरल्या होत्या. सुक्या खोबऱ्यांत तेल पुष्कळ. तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें म्हणून विमानाच्या पेटींत तें चालत नाहीं. पेटी उघडविली गेली, वाट्या निघाल्या, डिंक व खारका राहिल्या. अर्धा तास त्यांत गेला. काउंटर मिटण्यास अजून दीड तास होता म्हणून तो गेला तरी चालला.

फाटकाशीं पोचलों तेव्हां खुर्च्या रिकाम्या होत्या. सौ.नें डब्यांतील दशम्या काढल्या. कांचेपलीकडे पावसांत विमान उभें होतें. खातां खातां ती एकदम थांबली व म्हणाली, "अहो, आतां अमावास्या संपली का?"

भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. संपली, म्हणून मीं सांगितलें.