आमची धावांची वही

आमच्या घरात पिढीजात दागिने नाहीत, पिढीजात जमीनही नाही. पिढीजात अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही. ती हिशोबाची आहे, परंतु हिशोब पैशाचा नव्हे. रणजी करंडकाच्या स्पर्धेत महाराष्ट्राच्या संघाने केलेल्या धावा, घेतलेले बळी आणि गमावलेले सामने तीत ओळीने मांडलेले आहेत. वडिलांनी ती सुरू केली आणि त्यांच्या पश्चात आम्ही ती चालवीत आहो.

ह्या वहीविषयी आमच्या घरातील मंडळींचे मत फारसे अनुकूल नाही. "मुंबईने 2024 पर्यंत 42 वेळा करंडक जिंकला. वही ठेवायचीच होती, तर तिची ठेवायची, निदान अधूनमधून पेढे तरी वाटता आले असते," असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात. ह्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. महाराष्ट्राने करंडक जिंकला तो 1939-40 साली आणि पुन्हा 1940-41 साली. त्यानंतर 2024-25 चा हंगाम संपेपर्यंत तो एकदाही आपल्या घरी आलेला नाही. तीनदा अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, आणि तिन्ही वेळा हात हलवीत परत यावे लागले.

परंतु निष्ठा ही काही पेढ्यांच्या आशेने ठेवावयाची गोष्ट नव्हे. त्या दोन्ही विजयांच्या वेळी संघाचे नायक प्रोफेसर दि. ब. देवधर होते. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना मुंबईविरुद्ध 246 धावा करतो, आणि पन्नाशी उलटल्यावर, 1944 साली, नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके झळकावितो, हे वाचले की आमच्यासारख्या जिन्यावर धाप लागणाऱ्या माणसाला उगीचच हुरूप येतो.

वहीतील सर्वांत हाताळलेले पान 1948 च्या डिसेंबरातील आहे. वडील त्या वेळी बारा वर्षांचे होते आणि आजोबांबरोबर पूना क्लबच्या मैदानावर गेले होते. काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. के. व्ही. भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भर घातली, आणि पुढे महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या तेव्हा निंबाळकर 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 1930 मधील 452 चा जागतिक विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. इतक्यात विश्रांतीची वेळ झाली. काठेवाडचे नायक राजकोटचे ठाकूरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांस रुचले नाही. त्यांनी सामना सोडून दिला आणि मंडळी सामान आवरून निघून गेली. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यांची 443 ही संख्या मात्र भारतीय खेळाडूची प्रथम दर्जाच्या सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या म्हणून आजही उभी आहे. त्या आकड्यापुढे वडिलांनी बोटभर जागा कोरी सोडलेली आहे. ती का, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

आकडे कोरडे असतात, असे म्हणणाऱ्यांनी ही वही एकदा चाळावी. त्याच हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यास झालेल्या उपांत्य सामन्यात एकंदर 2376 धावा झाल्या. महाराष्ट्राने चौथ्या डावात 604 धावा काढल्या आणि तरीही 354 धावांनी पराभव पत्करला. 1971 साली मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेले असताना सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या संघाने अंतिम सामन्यात आम्हांस 48 धावांनी नमविले. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आणि 2016 साली दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे ह्यांनी 594 धावांची अभंग भागी केली. जागतिक विक्रम 624 चा होता; गुगळे हे स्वतःच नायक होते, आणि त्यांनी स्वतःच डाव घोषित केला! 1948 साली प्रतिपक्षाने दार लावून घेतले. 2016 साली आमचे आम्हीच लावले. अशा संघावर प्रेम करणाऱ्याला तत्त्वज्ञान निराळे शिकावे लागत नाही.

तथापि वहीतील आमची आवडती जागा तिचे शेवटचे पान होय. त्यावर 'होतकरू' असा मथळा आहे. शालेय आणि वयोगटाच्या सामन्यांतून नजरेत भरलेल्या मुलांची नावे आम्ही तेथे टिपतो. केदार जाधवने 2013-14 च्या हंगामात 1223 धावा केल्या, किंवा ऋतुराज गायकवाडने 2022 साली उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, म्हणजे वर्तमानपत्रे भरून जातात. परंतु वर्तमानपत्राच्या आधी एखादे नाव आपल्या वहीत असावे, ह्या अहंकाराची गोडी काही औरच असते.

तीन वर्षांपूर्वी ह्या पानावर आम्ही आमच्या पुतण्याचे नाव लिहिले. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि डाव्या हाताने सुरेख फिरकी टाकीत असे. दर रविवारी तो दारात पाऊल टाकण्यापूर्वीच आमचा प्रश्न ठरलेला असे, "किती बळी?" दोन वेळा निवड झाली नाही, तेव्हा आम्ही त्यास आकडे काढून धीर दिला. आमची अशी प्रामाणिक समजूत होती की, ह्याला प्रोत्साहन म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो वही घेऊन बसला होता. आपल्या नावापुढील आकड्यांवरून त्याने बोट फिरविले आणि म्हणाला, "काका, मी किती बळी घेतले ते सगळे बरोबर आहे. पण माझा खांदा दुखत होता ते दिवस ह्यात कुठे आहेत?" आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "माझे नाव खोडाल का तुम्ही?"

निंबाळकरांच्या दहा धावांसाठी आम्ही आयुष्यभर हळहळलो. परंतु शेजारी बसून जेवणाऱ्या मुलाने दोन वर्षे खांद्याचे दुखणे लपविले, आणि तेही आमच्या प्रश्नाच्या भीतीने, हे आमच्या ध्यानातही आले नाही. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. पण विचारल्याखेरीज ते काही सांगतही नाहीत, आणि आम्ही एकच गोष्ट विचारीत आलो होतो. आम्ही त्याच्यादेखत नाव खोडले. हात कापला, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर काही महिने तो वहीकडे फिरकला नाही. खांदा बरा झाल्यावर गल्लीतील मुलांत तो रबरी चेंडूने खेळू लागला. आम्ही खिडकीतून पाहात असू. किती जण बाद झाले हे मोजण्याची बोटांना सवय होती, ती हट्टाने मोडली. आणि हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात, आम्ही पेन उघडून बसलो असता, तो आपण होऊन आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, आज महाराष्ट्राचे किती झाले?"

आम्ही आकडा सांगितला. मग त्याला विचारले, "खांदा कसा आहे?"