अब्बांचा लेथ

उर्से येथील अब्बांच्या लेथच्या गिअरबॉक्सचे दात वर्षानुवर्षांच्या कामाने झिजले आणि आटे पाडणे थांबले. लेथ हरिहरच्या किर्लोस्कर कारखान्याचा. तो कारखाना आता बंद आहे. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. पण याच लेथच्या कमाईवर आम्ही भावंडे शिकलो. त्याच मॉडेलचा जुना गिअरबॉक्स आम्ही शोधून आणला.

बोल्ट कसण्याआधी अब्बा खाटेवरून म्हणाले, "बेटा, आधी कॅरेज गिअरबॉक्सजवळ आण, हाफनट लाव. लीड स्क्रू सरळ रेषेत आला की मगच कस."

तसे केले. स्क्रू हाताने अलगद फिरला. १० मिमीच्या सळईवर १.५ मिमीचे आटे पाडले. बाजारातला नट सहज चढला. अब्बांनी तो तुकडा उशाशी ठेवून घेतला.

घरातले जुने यंत्र विकण्याआधी, ज्याने ते चालवले त्याला जरूर विचारावे.