पट्टीने आखलेले मथळे

नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या आम्हा चुलत-आते भावंडांच्या वह्या एकसारख्या दिसायच्या. धड्याचं नाव मधोमध, त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. पोटमथळ्याला एकच रेघ. रेघ वाकडी गेली की आई पान पुन्हा लिहायला लावायची. पण परीक्षेच्या आदल्या रात्री नुसते मथळे चाळले, तरी अख्खा धडा आठवायचा.

२००१ साली एमएस-सीआयटी आलं, गल्लोगल्ली क्लास निघाले. वर्डमध्ये आम्ही अक्षरं मोठी, ठळक करायला आणि खाली रेघ मारायला शिकलो. स्टाइलच्या यादीत ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ तेव्हाही होतं. तिकडे कुणी वळलंच नाही.

त्याचं मोल कळलं ते काकांमुळे. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि ते एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून संगणक ऐकू लागले. घराण्याचा कुलवृत्तांत आम्ही भावंडांनी मिळून टाइप केलेला, प्रत्येक शाखेचं नाव ठळक आणि मोठं. एनव्हीडीएच्या लेखी मात्र ती नावं म्हणजे साध्या ओळी. नागपूर शाखा गाठायला काकांना आधीचं पानामागून पान ऐकावं लागे.

मग ताई ठाण मांडून बसली. शाखेला हेडिंग १, पिढीला २, कुटुंबाला ३. मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि आकडा दाबायचा, एवढंच काम. आता काका ब्राउज मोडमध्ये एच दाबत मथळ्यामागून मथळा ऐकतात. २ दाबला की थेट पुढची पिढी. १ नंतर एकदम ३ देऊ नका, मधलं काही सुटलं असं वाटून मी शोधत बसतो, हे त्यांनीच बजावलं. काकांसाठी केलेल्या या कामातून अनुक्रमणिकाही आयती मिळाली. पूर्वी एक लग्न वाढलं की पुढचे पानांचे आकडे हाताने बदलावे लागत. आता अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबलं की झालं.

काकांनी मग सगळा वृत्तांत नीट ऐकला आणि कोकण शाखेत दोन भावांची मुलं एकमेकांच्या नावावर पडल्याचं दाखवून दिलं. आम्हा डोळसांपैकी कुणालाही ते दिसलं नव्हतं. दुरुस्त प्रत सगळ्यांना पाठवताना ताईने पीडीएफ ‘प्रिंट’मधून न काढता ‘सेव्ह अ‍ॅज’मधून केली. तशी केली की मथळ्यांच्या खुणा तिच्यात टिकतात.