शिवी, क्लिप आणि गोळी

ऑनलाइन छळ सोसलेल्या माणसाचा खून झाला की क्राइम बातमीदारापुढे पुराव्याचा ढीग पडतो. अडचण तिथेच सुरू होते. ५ सप्टेंबर २०१७ ला रात्री आठच्या सुमारास पत्रकार गौरी लंकेश यांना बंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात घराच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या, आणि काही तासांत आनंद साजरा करणाऱ्या पोस्ट पडू लागल्या. शिव्याशाप त्याआधीही होतेच. मारेकऱ्यांचा पत्ता नव्हता, पण गौरींच्या मरणाने खूश झालेली माणसं नावानिशी, फोटोनिशी हजर होती. बातमीदाराचा हात अशा वेळी आपसूक त्यांच्याकडे वळतो. डेस्कलाही ते आवडतं. मथळा तयारच असतो.

कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने (एसआयटी) पुढे जे मांडलं त्यात हा गोंगाट जवळपास नव्हता. होत्या सांकेतिक नोंदींच्या डायऱ्या, टोपणनावं आणि एक गावठी पिस्तूल. ७.६५ मिमीचं तेच पिस्तूल २०१५ मध्ये धारवाडला विचारवंत एम. एम. कलबुर्गींवर चाललं होतं, असा न्यायवैद्यक अहवाल आला. अटकसत्रात महाराष्ट्रातली नावं निघाली, तेव्हा पुण्या-कोल्हापुरातल्या आम्हा मंडळींना ती बातमी आपली झाली. पुण्यातल्या नरेंद्र दाभोलकर आणि कोल्हापुरातल्या गोविंद पानसरे यांच्या खुनांपासून आम्ही त्याच वाटेवर चालत होतो. सुनावणी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आरोपींची नावं इथे मुद्दाम घेत नाही. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे.

मग त्या शिव्यांचं करायचं काय? मी त्या मोजत नाही. कोणाला किती हजार शिव्या पडल्या, हा आकडा छापायला सोपा असतो आणि तपासाला फारसा उपयोगी नसतो. मी क्लिप शोधतो. गौरींचं २०१२ मधलं मंगळूरचं एक भाषण होतं. त्यातला धर्माविषयीचा तुकडा कापून यूट्यूबवर चढला आणि वर्षानुवर्षं फिरत राहिला. कटात ओढलेल्या तरुणांना तोच व्हिडिओ दाखवला गेला, असं तपासात पुढे आलं. मारल्या गेलेल्या पत्रकारांचं अर्धवट काम पुढे नेणाऱ्या ‘फॉर्बिडन स्टोरीज’ने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘स्टोरी किलर्स’ ही शोधमालिका काढली. तीस माध्यमसंस्थांचे शंभराहून जास्त पत्रकार त्यात होते, आणि त्यांनीही हाच धागा पकडला: ही क्लिप कुठून कुठे गेली? मला ते काम मोलाचं वाटतं, कारण शिवी देणाऱ्यांपेक्षा त्यांनी कात्री चालवणाऱ्याचा माग काढला. गौरींचं शेवटचं संपादकीय खोट्या बातम्यांच्या कारखान्यांवरच होतं. ते छापून आलं तेव्हा त्या नव्हत्या.

माग काढायचा तर हाताला काही सवयी लावून घ्याव्या लागतात. पहिली, स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवण्याची. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा मजकूर मिनिटात बदलून त्याचा फोटो काढता येतो, आणि संतापलेली माणसं असे फोटो पदरचे पैसे खर्च केल्यासारखे उत्साहाने पाठवतात. मला लिंक हवी असते. ट्वीट पुसलेलं असलं तरी चालतं. लिंकमधल्या लांबलचक क्रमांकाच्या पोटात ते नेमकं कधी लिहिलं गेलं ती वेळ दडलेली असते, अगदी मिलिसेकंदापर्यंत. मात्र ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत निघते. आपल्याकडचे रात्रीचे आठ तिथे दुपारचे अडीच असतात. हा साडेपाच तासांचा फरक विसरलात तर खुनानंतरची पोस्ट खुनाआधीची ठरते आणि एखादा नुसता कुजकट माणूस तुमच्या बातमीत कटवाला होऊन बसतो.

दुसरी सवय कोर्टाने लावली. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा. पुरावा निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. २०२० च्या निकालाने ठरलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागणारच. नव्या साक्ष अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमधून गणिताने निघणारी, ठशासारखी अक्षर-अंकांची ओळ) भरावी लागते. बातमीला याची गरज नसते, हे खरं. पण तुम्ही जपलेली एकमेव प्रत उद्या कोणाला साक्षीत लागू शकते, म्हणून फाइल उतरवली की लगेच हॅश काढून ठेवायची, कोणत्या फोनवर कधी उतरवली ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. कारकुनी म्हणा हवं तर.

एवढं करूनही शिवी आणि गोळी यांच्यातली जागा पूर्ण भरत नाही. क्लिप पाहिलेल्या हजारोंनी काहीच केलं नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार काहींना ती पुढची तयारी म्हणून दाखवली गेली. म्हणून ‘ट्रोलिंगमुळे खून’ हे वाक्य मी लिहीत नाही. कोणी, कधी, काय कापलं आणि ते कोणाला दाखवलं, एवढंच लिहितो, आणि उपसंपादक वैतागतो. शिव्या छापायच्या झाल्या तर एखादीच, तीही तपासाला लागत असेल तर. मेलेल्या बाईच्या घरचेही पेपर वाचतात.

नवीन बातमीदार अशा प्रकरणात शेदोनशे स्क्रीनशॉटांचं फोल्डर घेऊन येतात. मी आधी विचारतो, कापण्याआधीचं अख्खं भाषण ऐकलंस का? बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.